आमची वाटचाल : टाकाऊ ठरवलेल्या मशिनांचं दुकान

सांगलीत आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. आजही लोक म्हणतात, "मशिन भंगारात द्यायच्या आधी यांना एकदा दाखव." हे नाव आम्ही कमावलंय.

2016 च्या सुमारास समोरच हप्त्यावर ब्रँडेड डेस्कटॉप देणारं शोरूम उघडलं. आमच्या गिऱ्हाइकांना तिथं सांगायचे, "जुन्यात पैसे घालू नका, पार्टच मिळत नाहीत." पार्ट व्यवस्थित मिळत होते, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून पार्सल यायचं. पण लोकांना ते पटलं. ऑफिसांच्या एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचे करार, एकेक करून तुटल्या. आम्ही हाताला धरून शिकवलेला पोरगाही त्यांच्याकडे गेला, जाताना गिऱ्हाइकांचे नंबर घेऊन. दुकानाचं भाडं थकलं. ते अजून विसरता येत नाही.

दुकान तगलं ते डीटीपीवाल्या काकांमुळे. श्रीलिपी आणि पेजमेकर या सॉफ्टवेअरवर लग्नपत्रिका करायचे. त्यांच्या मशिनमध्ये इंटेलचा फोर्थ जनरेशन (चौथ्या पिढीचा) आय-थ्री प्रोसेसर, एच-81 मदरबोर्ड, 4 जीबी रॅम. शोरूमनं त्यांना थेट नव्या मशिनचं कोटेशन दिलं होतं. आम्ही कव्हर उघडून ब्लोअर मारला. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकखालची पेस्ट खडूसारखी सुकली होती, ती खरवडून नवी लावली. मल्टिमीटरनं एसएमपीएसची, म्हणजे मशिनला वीज पुरवणाऱ्या डब्याची, 12 व्होल्टची पिवळी वायर तपासली. तिथं 11.4 व्होल्टच्या खाली आकडा आला की एसएमपीएस बदलायचाच, बाकीचं नंतर. काकांचा ठीक होता. मग हार्डडिस्क क्लोन करून, म्हणजे सगळा डेटा जसाच्या तसा उतरवून, तिच्या जागी 240 जीबी एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क) बसवली, रॅमची आणखी एक स्टिक टाकली. हार्डडिस्क सेकंदाला जेमतेम शंभर-सव्वाशे एमबी वाचते, अशी एसएसडी पाचशेच्या घरात. काकांनी एका आठवड्यात अख्खी प्रेसची गल्ली आमच्याकडे पाठवली.

पुढची वर्षं बरी गेली.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, म्हणजे नेहमीचे अपडेट बंद झाले. काका तेच मशिन घेऊन आले, तेव्हा आम्हीच म्हटलं, "आता या जुन्या बोर्डात एक रुपयाही नको." फोर्थ जनरेशनला विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. बोर्ड, प्रोसेसर, रॅम नवीन घेतली. कॅबिनेट, एसएमपीएस आणि एसएसडी तीच ठेवली.

म्हणून सांगतो, पार्ट बदलायच्या आधी बोर्ड बघा. एएमडीच्या एएम-4 सॉकेटचा बी-450 बोर्ड असेल तर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझन 2600 प्रोसेसरच्या जागी 5600 बसतो, बोर्ड बदलावा लागत नाही. इंटेलचं तसं नाही. सिक्स्थ-सेव्हन्थ जनरेशनच्या बोर्डावर एट्थचा प्रोसेसर सॉकेटमध्ये बसतो, पण चालत नाही. असा प्रोसेसर ऑनलाइन मागवून हताश होऊन येणारे आम्ही खूप पाहिले. ग्राफिक कार्ड घेणार असाल तर त्याआधी एसएमपीएसचे वॅट वाचा. आणि एआयच्या डेटा सेंटरांनी 2025 च्या शेवटी रॅमचे भाव भडकवले, त्यामुळे जुनी डीडीआर-फोर रॅमची स्टिक चालू असेल तर विकू नका. आमच्याकडे येताना बोर्डावरच्या मॉडेल नंबरचा फोटो तेवढा आणा.