खारघरमध्ये घर बघताय? डोंगर जरा बाजूला ठेवा

आमचं नवी मुंबईतलं खारघर ठरलं होतं, सेक्टर ठरत नव्हता. नवऱ्याचं ऑफिस बेलापूरला, माझं ऐरोलीला, सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात आणि नेरुळचं भाडं काय थांबायचं नाव घेत नाही, त्यामुळे फिरून फिरून गाडी खारघरवरच येत होती. पण खारघर म्हणजे काही एक जागा नाही हो, हायवेपासून पार तळोज्यापर्यंत पसरलंय, आणि एका सेक्टरमधलं आयुष्य दुसऱ्या सेक्टरमध्ये लागू पडत नाही.

ब्रोकर लोकांचं एकच पालुपद, "मॅडम, हिल व्ह्यू आहे." हॉल दाखवायच्या आधी थेट बाल्कनीत नेऊन उभं करतात आणि मग स्वतः गप्प बसतात. आणि खरंच, जून-जुलैमध्ये तो हिरवागार डोंगर बघितला की माणूस कार्पेट एरिया विचारायचंच विसरतो. पण माझं मत सांगू का, डोंगराच्या अगदी कुशीत, म्हणजे ५-६ सेक्टरच्या त्या टोकाला, डोंगर कमी दिसतो आणि भोगावा जास्त लागतो. पावसाळ्यात भिंती ओल धरतात, कपडे वाळत नाहीत, तळमजल्यावर साप निघाला तर कुणाला फारसं आश्चर्य वाटत नाही. त्यात शनिवार-रविवारी अख्खी मुंबई धबधबे बघायला येते. पांडवकड्याला पावसाळ्यात बंदी असते, माणसं वाहून गेलीत तिथं, पोलीस उभे असतात, तरी लोक बाइक घेऊन येतातच आणि परत पाठवलं की आजूबाजूच्या रस्त्यांवर गाड्या लावून सेल्फी काढत बसतात. डोंगर नीट, अख्खा बघायचा असेल तर उलट थोडं लांब राहायला हवं, ११-१२ सेक्टरच्या चौथ्या-पाचव्या मजल्यावरून तो जास्त छान दिसतो आणि पैसेही "व्ह्यू"चे द्यावे लागत नाहीत.

आता रोजचं जाणं-येणं, कारण शेवटी घर त्याच्यावर ठरतं. पूर्वी लोक स्टेशनपासून किती लांब एवढंच बघायचे, स्टेशनला उतरून शेअर रिक्षाची लाइन लावा नाहीतर एनएमएमटीच्या बसची वाट बघा. १७ नोव्हेंबर २०२३ ला मेट्रो सुरू झाली (त्याआधी कित्येक वर्षं नुसते खांबच बघत होते लोक) आणि सगळं गणित बदललं. पण नवीन माणसाला एक गोष्ट कुणी सांगत नाही, ही मेट्रो खारघर रेल्वे स्टेशनला जातच नाही! ती बेलापूरहून निघते, बेलपाडा, उत्सव चौक, केंद्रीय विहार, खारघर गाव, सेंट्रल पार्क, पेठपाडा, अमनदूत असं करत पेंधरला जाते, एकूण ११ किलोमीटर. म्हणजे नवऱ्याला एकदम सोयीची, आणि मला बेलापूरला उतरून पुढे ठाण्याची लोकल. त्यामुळे आम्ही नियम केला, मेट्रो स्टेशन चालत गाठता आलं पाहिजे, सासूबाईंच्या वेगानं चालून, माझ्या नाही.

३४-३५-३६ सेक्टरकडे घरं मोठी आणि किमती कमी, व्हॅली शिल्प आणि स्वप्नपूर्ती ही सिडकोची (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) मोठी कॉम्प्लेक्स तिकडेच आहेत. आम्हालाही मोह झाला. पण तिकडे घर बघायचं असेल तर दुपारी जाऊ नका, रात्री जेवण झाल्यावर जा आणि गाडीच्या काचा खाली करून दहा मिनिटं थांबा. तळोजा एमआयडीसी जवळ आहे, वारा तिकडून असला की तो केमिकलचा वास नाकात बसतो. काही जण म्हणतात सवय होते. मला सवय करून घ्यायची नाहीये.

पाण्याचं कमिटीच्या सेक्रेटरीला विचारू नका, तो सोसायटीची अब्रू सांभाळतो. वॉचमनला विचारा, "मे महिन्यात टँकर किती येतात?" एका नव्या कोऱ्या टॉवरमध्ये स्विमिंग पूल होता आणि खाली गेटवर टँकर उभा होता, वॉचमननं नुसतं त्याच्याकडे बोट दाखवलं. मेंटेनन्सच्या हिशोबात टँकरचा खर्च वेगळा लिहिलेला असतो, तो कागद मागायला लाजू नका.

आणि बिल्डिंग कुठल्या जमिनीवर आहे ते बघाच. सिडकोनं टेंडरनं विकलेले प्लॉट वेगळे, आणि शहरासाठी जमिनी गेल्या त्या गावकऱ्यांना बदल्यात मिळालेले साडेबारा टक्क्यांचे प्लॉट वेगळे. मुर्बी, कोपरा वगैरे गावांच्या आसपास अशा बिल्डिंगा खूप आहेत, छोट्या, एकमेकींना चिकटून, पार्किंगच्या नावानं बोंब, पण दर परवडतो आणि कागद नीट असतील तर काही वाईट नाही. गावठाणातल्या गरजेपोटी, म्हणजे परवानगीशिवाय बांधलेल्या बिल्डिंगांचं मात्र वेगळं आहे, ओसी (राहायला योग्य असल्याचा दाखला) नसते, बँक लोन देत नाही, आणि ब्रोकर "सगळे असंच घेतात" म्हणून हात झटकतो. आम्ही तिथून चहा न घेता निघालो.

रिसेल घेताना अजून एक झंझट आहे. पनवेल महापालिका झाली १ ऑक्टोबर २०१६ ला, आणि तेव्हापासूनचा प्रॉपर्टी टॅक्स नंतर एकदम मागितला गेला. सिडकोला सर्व्हिस चार्जेस भरले, आता परत हे कशाला, म्हणून अनेकांनी भरलाच नाही. त्यांची बाजू मला पटते, पण त्यांचं घर विकत घेताना ती थकबाकी माझ्या गळ्यात का? शिवाय जमीन लीजची, म्हणजे सिडकोचे ट्रान्सफर चार्जेस आलेच, ते कोण भरणार हे टोकन द्यायच्या आधी बोलून घ्या.

आम्ही शेवटी केंद्रीय विहार मेट्रोपासून चालत जाता येईल अशा एका जुन्या बिल्डिंगमधला टू बीएचके पक्का केलाय. लिफ्ट कुरकुरते, रंग उडालाय, जिम-बिम काही नाही, पण खाली भाजीवाला, पिठाची गिरणी आणि केमिस्ट आहे आणि सासूबाईंनी पहिल्याच भेटीत समोरच्या मावशींशी अर्धा तास गप्पा मारल्या. टॅक्सच्या थकबाकीवरून विकणाऱ्या काकांशी अजून घासाघीस चालू आहे, ते म्हणतात अर्धा-अर्धा भरू, नवरा हो म्हणायच्या बेतात आहे, मी अजून नाही.