एकाच नावाचे दोन अल्बम आणि अडकलेले पार्सल : माझा अनुभव

बर्मिंगहॅमच्या ड्युरान ड्युरान या बँडने १९८१ साली आपल्या पहिल्या अल्बमला स्वतःचेच नाव दिले आणि १९९३ साली सातव्या अल्बमलाही पुन्हा तेच दिले. या दोहोंत बारा वर्षांचे अंतर आहे, वादकांचा संच बदललेला आहे आणि संगीताचा बाजही पार वेगळा आहे. तरीही केवळ नाव एक असल्यामुळे इंग्लंडहून मागवलेले माझे सीडींचे पार्सल कस्टमच्या तपासणीत अडकून पडले. एखाद्या जुन्या बँडचे सगळे अल्बम ज्यांना मूळ स्वरूपात जमवायचे आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे, कारण त्या काळात नेमके काय करायचे हे मला कुणीच धड सांगितले नव्हते.

या बँडचे १९८१ ते २०२३ या काळात सोळा स्टुडिओ अल्बम निघाले. ते मोबाइलवर ऐकता येतात हे मला ठाऊक आहे, पण कोणत्या गाण्यावर कोण वाजवत आहे, ध्वनिमुद्रण कुठे झाले आणि निर्माता कोण, हे सारे सीडीसोबतच्या पुस्तिकेत वाचत ऐकण्याची मला सवय आहे. शिवाय ‘रिओ’सारख्या अल्बमच्या बाबतीत आवृत्तीला फार महत्त्व आहे. १९८२ साली ब्रिटनमध्ये तो निघाल्यावर अमेरिकेसाठी डेव्हिड कर्शेनबॉम यांनी त्यातील काही गाण्यांचे नव्याने मिश्रण केले, आणि मला मूळ ब्रिटिश रूपच हवे होते. म्हणून जवळजवळ सगळी मागणी इंग्लंडमधल्या एकाच विक्रेत्याकडे नोंदवली. पैसे भरणे आणि पार्सल भारतात पोहोचणे यांत सांगण्यासारखे काही घडले नाही.

त्यानंतर मात्र ट्रॅकिंगवर ‘कस्टमने रोखले’ एवढीच ओळ दिसू लागली आणि ती हलेचना. दूरध्वनी कुणी उचलत नव्हते, ईमेलला ठरावीक उत्तर येत होते. केवायसीसाठी आधार आणि पॅनच्या प्रती पाठवल्या, त्यांची पोच मिळाली, तरीही ओळ तीच. पुढे एक पत्र आले, त्यात ‘एकाच वस्तूचे एकाहून अधिक नग’ असल्याबद्दल खुलासा मागवला होता. मी सीडी विकण्यासाठी मागवत आहे, असा संशय त्यामागे होता. हे वाचून मला फार राग आला. सोळा अल्बमच्या प्रवासातला एकेक टप्पा मनापासून जमवणाऱ्या माणसाला व्यापारी ठरवले जाते, हे सहन होण्यासारखे नव्हते.

मी स्वतः कस्टमच्या कार्यालयात गेले. खिडकीवरच्या गृहस्थांनी बिल पुढे केले आणि विचारले, “मॅडम, हे बघा, बँडचे नावही तेच, सीडीचे नावही तेच, आणि ओळी दोन. मग या दोन वेगळ्या वस्तू कशा?” त्यांचा प्रश्न त्यांच्या जागी बरोबर होता, पण मी तोंडी सांगितलेले त्यांना चालेना, सगळे लेखी हवे होते. लेखी दिले, तर पुढच्या वेळी खिडकीवर दुसरेच अधिकारी होते आणि त्यांनी नवीच शंका काढली. पार्सलमधल्या तबकड्यांची संख्या बिलातल्या अल्बमपेक्षा जास्त भरत होती, कारण पहिल्या अल्बमची २०१० साली निघालेली विस्तारित आवृत्ती मी घेतली होती आणि तिच्या एका वेष्टनात एकाहून अधिक तबकड्या असतात. जुन्या अर्जाची प्रत त्यांच्या फाइलीत सापडली नाही, म्हणून सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. म्हणूनच सांगते, प्रत्येक कागदाची दुसरी प्रत जवळ ठेवा आणि तिच्यावर शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

शेवटी मी घरी बसून नीट खुलासा तयार केला, आणि तो चांगला उतरला याचा मला आजही अभिमान आहे. १९८१ च्या अल्बमचे निर्माते कॉलिन थर्स्टन आहेत आणि त्यावर सायमन ल बॉन, निक ऱ्होड्स यांच्यासह जॉन, रॉजर आणि अँडी असे टेलर आडनावाचे तिघे आहेत, हे मी लिहिले. या तिघांचे एकमेकांशी काहीही नाते नाही, हेही मुद्दाम नोंदवले, कारण तेवढ्यावरूनही कुणी प्रश्न काढला असता. १९९३ च्या अल्बमवर रॉजर आणि अँडी नाहीत, गिटारवर वॉरन कुकुरुलो आहेत आणि ‘ऑर्डिनरी वर्ल्ड’ हे गाणे त्यातलेच आहे. त्याच्या मुखपृष्ठावर बँडमधल्या सदस्यांच्या आईवडिलांच्या लग्नातली छायाचित्रे आहेत, म्हणून रसिक त्याला ‘वेडिंग अल्बम’ म्हणतात. दोन्ही मुखपृष्ठांच्या रंगीत प्रती जोडल्या. अधिकाऱ्यांनी मजकुरावर ओझरती नजर टाकली, लग्नाची छायाचित्रे मात्र निरखून पाहिली आणि तिथल्या तिथे शेरा लिहिला. पार्सल सुटले. शुल्काची रक्कम पोस्टमनने दारात घेऊन पावती दिली, आणि त्या क्षणी मला जे हायसे वाटले ते शब्दांत सांगता येत नाही.

हे आधी सांगायला हवे होते : मागणी नोंदवतानाच विक्रेत्याला बिलावर प्रत्येक अल्बमच्या नावापुढे साल आणि तबकड्यांची संख्या लिहायला सांगावे. पार्सलवर चिकटवायच्या घोषणापत्रात नुसते ‘संगीत’ असे मोघम लिहू देऊ नये.

‘मेडाझालँड’ हा १९९७ चा अल्बम तेव्हा ब्रिटनमध्ये निघालाच नव्हता, म्हणून तो मी अमेरिकेतून वेगळा मागवला. एकच सीडी असल्यामुळे ती एकाही प्रश्नाशिवाय घरी आली. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, टपालखर्च थोडा वाढला तरी चालेल, पण मोठे पार्सल करू नये आणि एकाच नावाचे अल्बम तर कधीही एका पार्सलमध्ये मागवू नयेत.

‘ऑल यू नीड इज नाऊ’ घेतानाही लक्ष असू द्या. डिसेंबर २०१० मध्ये तो इंटरनेटवर नऊ गाण्यांचा निघाला, तर २०११ च्या सीडीवर त्याहून जास्त गाणी आहेत. पूर्ण अल्बम हवा असेल, तर सीडीच घ्यावी.