तळं गुलाबी झालं तो दिवस

मे महिन्यातली गोष्ट, अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय. मी पंचायत समितीत स्वच्छतेचं काम बघतो, कंत्राटी, बोरी नदीकाठची काही गावं माझ्याकडे. सकाळी साडेसहाला एका गावच्या पाणीवाल्या आप्पांचा फोन, "पानी गुलाबी हुई गय भाऊ, लवकर या."

गावाबाहेर सांडपाण्याची तीन तळी आहेत. मोटर नाही, पावडर नाही. पहिल्यात गाळ बसतो, दुसऱ्यात उन्हावर शेवाळ वाढतं, ते ऑक्सिजन सोडतं, त्या जोरावर जंतू घाण खातात, आणि खान्देशात उन्हाला काय तोटा. तिसऱ्यातलं पाणी एक शेतकरी कपाशीला घेतो. २२०० वस्ती, माणशी ५५ लिटर, त्यातलं ७० टक्के गटारीत, म्हणजे रोज ८५ हजार लिटर धरून खोदलेली तळी. प्रत्येक माप मी स्वतः टेप धरून तपासलंय, ठेकेदाराने दोनदा खोली कमी भरवली ती परत खोदायला लावली.

गेलो तर दुसरं तळं खरंच बीट उकडलेल्या पाण्यासारखं. बाया म्हणे कुणी कुंकू टाकलं, पोरं म्हणे लोणारसारखं झालं. लोणार २०२० साली गुलाबी झालं ते खारट पाण्यातल्या जंतूंनी, हे वेगळं. तळ्याला झेपणार नाही इतकी घाण आली की ऑक्सिजन संपतो, सडक्या अंड्याच्या वासाचा गॅस सुटतो आणि त्या गॅसवर जगणारे जांभळट जंतू माजतात. ते गॅस खातात म्हणून वास उलट कमी होतो. सरपंच खूश होते, आठ दिवसांचा वास गेला म्हणून! मी म्हटलं, भाऊ, तळं आजारी आहे.

पण घाण आली कुठून? सांडपाणी तळ्यात शिरतं तिथल्या जाळीपाशी मी गेलो. गावाच्या सांडपाण्यात शाम्पूच्या पुड्या येतात, कांद्याची सालं, भांड्यांची राख. इथे सॅनिटरी पॅड अडकलेले, आणि कडेच्या मातीत टोमॅटोची रोपं उगवलेली. टोमॅटोचं बी पोटात पचत नाही, ते मैल्याबरोबर बाहेर येतं. बाजूला टँकरच्या चाकोऱ्या. लग्नसराईत घरोघरी पाहुणे, संडासच्या टाक्या भरल्या, आणि मैला उपसणारा टँकर रात्री आमच्या गटारीच्या चेंबरमध्ये रिकामा होत होता. हिशोब केला तर चार हजार लिटरचा एक टँकर म्हणजे अख्ख्या गावाच्या एका दिवसाच्या सांडपाण्याएवढी घाण. सरकारी ॲपला तळ्याचा फोटो लागतो, पाण्याचा रंग कुणी विचारत नाही, याचा मला फार राग येतो.

आप्पांनी रात्री दोन वाजेपर्यंत बसून टँकर पकडला. आप्पांना महिन्याला जे मिळतं ते सांगायची लाज वाटते. मी ड्रायव्हरला झापायचंच ठरवून गेलो होतो. तो शांतपणे म्हणाला, "लोक फोन करतस, टाकी भरी गयी. मंग मी कोठे वतू, तुम्हीच सांगा."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. याच गावात मी दारोदार फिरून १२ हजारांच्या अनुदानाचे फॉर्म भरून घेतले होते, दोन खड्ड्यांचा संडास बांधा, एक भरला की दुसरा चालू करा, भरलेल्याचं वर्षा-दीड वर्षात खत होतं असं घसा कोरडा करून सांगितलं होतं, लोकांनी तरी मोठ्या टाक्याच बांधल्या, आणि टाकी भरल्यावर काय, हे मी बोललो नाही कारण मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

तळ्याचं काम नंतर सोपं होतं. चेंबरला कुलूप, तिसऱ्या तळ्यातलं हिरवं पाणी भाड्याच्या पंपाने रोज पहिल्यात फिरवलं, शेतकऱ्याला तोवर उपसा बंद ठेवायला लावला. अकराव्या दिवशी दुसरं तळं हिरवं दिसायला लागलं, आप्पांनी फोटो पाठवला.

ड्रायव्हरचा धंदा मात्र चालूच आहे. तो आता कुठे ओततो ते मी विचारलेलं नाही, नाला चारशे मीटरवर आहे आणि तो बोरीलाच मिळतो. खोल चर खणून मैला मातीआड करायला गायरानातली दहा गुंठे जागा द्या असा अर्ज मी ग्रामसभेत ठेवला, दोनदा ठेवला. माझ्या शेताजवळ नको, एवढंच प्रत्येकजण म्हणतो. तिसऱ्यांदा ठेवणार आहे.