पुढे चाक, मागे कोयती

जर्मनमधून मराठीत भाषांतर करणे हा माझा रोजचा व्यवसाय असल्याने करारपत्रे आणि यंत्रांच्या पुस्तिका यांवर माझा हात बसलेला आहे. त्यामुळे नाशिकच्या काही द्राक्ष बागायतदारांच्या अभ्यासदौऱ्यासाठी जर्मनीतील ऱ्हाईनगाऊ भागातील एका गावाची माहितीपुस्तिका हाती आली, तेव्हा ग्रामचिन्हाचा, म्हणजे गावाच्या ढालीवरील चिन्हाचे वर्णन करणारा, तीन ओळींचा मजकूर मी जाता जाता उरकला आणि नेमकी तिथेच फसले.

ढाल उभी दुभागलेली असून ‘फॉर्न’ लाल भूमीवर सहा आऱ्यांचे रुपेरी चाक आणि ‘हिंटन’ रुपेरी भूमीवर निळी छाटणीची कोयती आहे, असे मुळात होते. शब्दकोशाला स्मरून मी ‘पुढे चाक, मागे कोयती’ असे लिहिले. चित्रकारानेही ते तंतोतंत पाळले: भलेमोठे चाक आणि त्याच्या आऱ्यांमधून डोकावणारे कोयतीचे वाकडे पाते!

नमुना पाहून जर्मनीहून त्याच दुपारी फोन आला. चिन्हांच्या भाषेत ढाल धरणाऱ्याची उजवी बाजू म्हणजे ‘पुढे’ आणि डावी म्हणजे ‘मागे’. पाहणाऱ्याला मात्र हे सारे उलटे दिसते. रुपेरी म्हणजे कागदावर साधा पांढरा रंगही चालतो, आणि चित्रकार बदलला तरी हरकत नसते, कारण खरे ग्रामचिन्ह म्हणजे तो मजकूरच. मी तोच बिघडवला होता.

शिवाय चाक हे शेतीच्या गाडीचे प्रतीक, अशी पदरची टीपही मी जोडली होती. वास्तविक ते माइन्त्स या जर्मन शहराचे चाक आहे. 1803 पर्यंत हा प्रदेश माइन्त्सच्या आर्चबिशपांच्या सत्तेखाली होता, आणि त्या सत्तेची खूण अनेक गावांच्या ढालींवर अजून टिकून आहे. 975 ते 1011 या काळातील आर्चबिशप विलिगिस हा चाके घडवणाऱ्याचा मुलगा असल्याने त्याने ते स्वीकारले, ही आख्यायिका मला फार आवडली; परंतु ढालींवरील अशा चिन्हांची प्रथाच मुळी 12व्या शतकातली, म्हणून ती आख्यायिका म्हणूनच छापली.

कोयतीबद्दल मला काहीच समजावून सांगावे लागले नाही. सुधारित नमुना पाहून एका बागायतदाराने एवढेच विचारले, “मॅडम, ह्यांच्याकडं सिकेटर नव्हती का?” ती कात्री 19व्या शतकात आली आणि तोवर वेली अशाच वाकड्या पात्याने छाटत, हे वाक्य मी त्याच रात्री पुस्तिकेत घातले.