आमची वाटचाल : रेडिएटरच्या डागापासून इलेक्ट्रिक फॅनपर्यंत

शिरवळला हायवेलगत बाबांनी रेडिएटर दुरुस्तीचं दुकान टाकलं ते खंबाटकी घाटाकडे बघून. पुण्याहून साताऱ्याकडे निघालेली भरलेली गाडी घाट चढते आणि कुठे काही कच्चं असेल तर तिथेच पाणी फेकते. बाबांचा हात डाग देण्यात, म्हणजे गळकी जागा धातू वितळवून बुजवण्यात, बसलेला. मी आयटीआयनंतर गाड्यांची वायरिंग शिकलो. मग पाण्याचं काम त्यांच्याकडे, करंटचं माझ्याकडे अशी वाटणी आपोआप झाली.

इलेक्ट्रिक फॅनचा विषय एका गाडीमालकाने काढला. त्यांचा छोटा ट्रक टाइल्स भरून कराडला जायचा. "कारला असतो तसा फॅन बसवा, डिझेल वाचतं म्हणे," असं ते म्हणाले. मागणी चुकीची नव्हती. त्यांच्या गाडीचा फॅन वॉटर पंपाच्या पुलीवर होता, म्हणजे इंजिन फिरतंय तोवर फॅन फिरणारच. फॅनचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी ताकद आठपट होते. सपाट रस्त्यावर साठच्या स्पीडने समोरून इतकी हवा येते की फॅनची गरजच नसते, पण ताकद तो तेव्हाही खातो. आणि ट्रॅफिकमध्ये गाडी उभी असते, हवा हवी असते, तेव्हा इंजिन संथ म्हणून फॅनही संथ.

आम्ही दोन इलेक्ट्रिक फॅन बसवले आणि पहिल्याच आठवड्यात गाडी घाटात उभी राहिली. मी रात्री पोहोचलो तर काटा लाल रेषेवर, फॅन चालू, पण वारा नाही. दुसऱ्या दिवशी मीटर लावला : डायनामोवर 13.8 व्होल्ट, फॅनच्या टोकाशी 10.9. जवळजवळ तीन व्होल्ट माझ्या बारीक वायरीत आणि रिलेच्या (फॅनचा करंट जोडणाऱ्या स्विचच्या) बेसमध्ये जिरत होते. बेस तपकिरी पडून मऊ झाला होता. इंजिन तापून हेडखालचं गॅस्केट गेलं होतं. बाबांनी हेड उघडण्याचा खर्च दुकानातून दिला आणि मालकांना म्हणाले, "दादा, चूक आमची आहे. जुना फॅन परत बसवून देतो." दादा म्हणाले, "आता हात घातलाय तर नीट करूनच द्या."

ते नीट करायला पुढचे तीन महिने गेले. जाड केबल, तिच्या टोकांना दाबून बसवलेले थिंबल, प्रत्येक फॅनला वेगळा रिले आणि वेगळा फ्यूज. पाण्याच्या तापमानावर फॅन चालू-बंद करणारा स्विच रेडिएटरच्या खालच्या पाइपवरून काढून इंजिनमधून गरम पाणी बाहेर पडतं तिथे आणला. 92 अंशाला चालू, 87 ला बंद. सगळ्यात जास्त वेळ काऊलने, म्हणजे फॅनभोवतीच्या आवरणाने, खाल्ला. फॅन रेडिएटरच्या जाळीला चिकटवून लावला तर तेवढाच गोल भाग थंड होतो, कोपरे तापतच राहतात. पूर्ण जाळी झाकणारं पत्र्याचं काऊल बाबांनी हाताने ठोकून बनवलं आणि कडेच्या फटी रबराने बंद केल्या. मग गाडी मे महिन्यातल्या दुपारी, पूर्ण लोडवर, आम्ही स्वतः घाट चढवून आणली.

तेव्हापासून प्रत्येक गाडीत फॅनच्या लाइनवर एक तास-मीटर लावतो. फेरीचे तास किती आणि त्यात फॅन किती वेळ चालला, हे मालकाला डोळ्यांनी दिसतं. वीजही डिझेलमधूनच येते, डायनामोत वाया जाऊन येते; त्यामुळे बचत होते ती फॅन बंद असतो तेव्हाची. दिवसभर घाटातच चालणाऱ्या गाडीला मी हे काम करू नका असंच सांगतो.

मोठ्या मल्टीॲक्सल गाड्यांचे मालकही येतात. त्यांच्या फॅनला पूर्ण वेगात दहा किलोवॅटच्या वर ताकद लागते. 24 व्होल्टवर तेवढ्याला चारशेच्या वर अँपिअर झाले, ते डायनामो कुठून देणार? त्यांचा विस्कस फॅन, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणाऱ्या क्लचवरचा फॅन, तपासून देतो. क्लच जाम झाला असेल तर फॅन कायम पूर्ण वेगाने फिरतो, आणि क्लच बदलला की मागणी तिथेच भागते. वॉरंटीतल्या गाडीला मात्र हात लावत नाही.

आज दुकानात पाच जण आहोत. बाबा आता डाग देत नाहीत, पण काऊलचा पत्रा त्यांनी हात फिरवून पाहिल्याशिवाय गाडीवर चढत नाही. सध्या मधल्या आकाराच्या गाडीसाठी 24 व्होल्टच्या ब्रशलेस फॅनचं काम चालू आहे. काऊल तयार आहे, केबल टाकून झाली आहे. मे महिन्यात लोड भरून घाट चढवू आणि मगच भाव सांगू.