तुम्ही विचारलंत म्हणून: मी एकटीनं पेटी का वाजवत नाही

नाही, मला घरून कुणी अडवलं नव्हतं. पहाटेच्या कार्यक्रमाला निघायचं असलं की सासूबाई माझ्याआधी उठून चहा ठेवायच्या. गुरुजींनीही ‘बायकांनी साथच करावी’ असलं काही कधी डोक्यात भरवलं नाही. आत्मविश्वास कमी पडतो का, असं गेल्या हिवाळ्यात एका बाईंनी हातात मिसळीची प्लेट धरून विचारलं, तेव्हा मात्र ठरवलं की एकदाचं लिहून टाकावं. प्रश्न तुमचा तुम्हाला पाठ आहे: ‘ताई, इतकी छान पेटी वाजवता, मग सोलो का करत नाही? नुसती साथच का?’

विचारणाऱ्याच्या मनात कौतुक असतं, हे कळतं मला. म्हणून तर इतकी वर्षं ‘बघू, करू कधीतरी’ म्हणत हसत आले. पण पुढे बसणं ज्याला जमत नाही तो बाजूला बसतो, असं तुम्ही धरूनच चालता. आणि मी नाही म्हटलं की लगेच नावं येतात. गोविंदराव टेंबे गायक भास्करबुवा बखल्यांची पेटीवर साथ करायचे आणि एकटेही वाजवायचे. गोविंदराव पटवर्धनांची नाट्यपदं ऐकली नाहीत का? ऐकली. पोटभर ऐकली. त्यांना दोन्ही साधलं म्हणून मला दोन्ही हवंच असलं पाहिजे, हे कुठलं गणित?

काही वर्षं मी एक विद्वत्तेचं कारण पुढे करत असे. पेटीत मींड नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही; श्रुती, म्हणजे सुरांमधल्या बारीक जागा, नाहीत. ऑल इंडिया रेडिओनं १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली ती उगाच का, आणि १९७१ मध्ये उठली तीही अर्धवटच. समोरचा गप्प व्हायचा. कारण अगदीच खोटंही नव्हतं. तोडी रागातला गंधार पेटीवर हवा तितका उतरत नाही, दरबारीतला झुलत नाही. साथ करताना मी तिथे बोटच ठेवत नाही. ती जागा गायकाची. मी आधीच्या सुरावर थांबते, त्याचं काम झालं की पुढच्या सुरावर भेटते. एकटी असले तर त्या जागेचं काय करू? बरं, मग यमन वाजवा की, तिथे कुठे अडतं, असं एका कॉलेजातल्या मुलानं विचारलं आणि मी निरुत्तर झाले. तेव्हापासून ते कारण देत नाही.

आता ती सकाळ. तुमच्यातले काही जण तिथे होतात, आणि त्या दिवसाची जी गोष्ट नाशकात फिरते ती मला मान्य नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कोजागरीपासून महाशिवरात्रीपर्यंत चालणारी मैफलींची मालिका, गंगापूर रोडच्या आतल्या बाजूचा छोटा हॉल, जानेवारीतला रविवार, वेळ सहाची. निफाडचा पारा घसरला की आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको; अर्धा हॉल कानटोप्या घालून बसला होता. त्या दिवशी गाणारे बुवा आदल्या रात्री मुंबईचा कार्यक्रम आटोपून निघाले होते आणि ट्रक उलटल्यामुळे कसारा घाटात अडकले होते. त्यांच्या शिष्यांनी तंबोरे लावून ठेवले होते, काळी एकच्या पट्टीत, पहिली तार पंचमाऐवजी मध्यमात, कारण सुरुवात ललत रागानं होणार हे ठरलेलं आणि ललतात पंचम नाही. गारठ्यानं तबला उतरत होता, तंबोऱ्याच्या तारा चढत होत्या, आणि दोघंही पुन्हा पुन्हा माझ्याकडे षड्ज मागत होते. पेटी मंचावर बसून लावता येत नाही, त्यामुळे जुळवून घ्यायचं ते बाकीच्यांनी.

साडेसहा झाले. आयोजकांपैकी एक जण कानाशी वाकून म्हणाले, ‘ताई, बुवा येईपर्यंत काहीतरी वाजवा ना. लोक उठायला लागलेत.’

ललत वाजवण्याचा प्रश्नच नव्हता. मुख्य कलाकार जो राग मांडणार त्याला साथीदारानं आधी हात लावायचा नाही, हे कुणी शिकवावं लागत नाही. तंबोरे पंचमात घ्यायचे तर बुवा आल्यावर पुन्हा सगळी लावालावी. भटियार सुचला. वेळ त्याचीच होती, मध्यम त्यात चांगला भक्कम, त्यामुळे त्या तंबोऱ्यांवर तो शोभला असता. तबल्यावर आमचे दादा होते. त्यांच्याकडे बघून नाव पुटपुटले, त्यांनी मान डोलावली.

विनय वगैरे बाजूला ठेवून सांगते, मी चांगलं वाजवलं. आलापात खुर्च्या सरकत होत्या, कुणीतरी फोनवर घाटातल्या ट्रॅफिकची चौकशी करत होतं. मग ते बंद झालं. रूपक तालात बंदिश धरली तेव्हा मागच्या रांगेतल्या एका आजोबांचा हात तालावर पडताना दिसत होता. थोडी बढत झाली. पंचमावरून गंधार, गंधारावरून कोमल रिषभ, आता षड्जावर येऊन मुखडा घ्यायचा, एवढ्यात बाजूच्या माइकवर निवेदक: ‘रसिकहो, ज्या क्षणाची आपण सगळे आतुरतेनं वाट पाहत होतो…’

मी हात उचलला. दादांनी नाही उचलला. निवेदनाच्या खालून त्यांनी आवर्तन पुरं केलं, तिहाई घेतली, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवला, आणि एकटेच समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आले. टाळ्या पडल्या त्या बुवांना. ते दारातून येत होते.

बुवा वर आले, दमलेले, गळ्याला मफलर. बसता बसता म्हणाले, ‘भटियार चालला होता ना? पुरा करा. मी ऐकतो, तेवढाच मला श्वास मिळेल.’ ते तोंडदेखलं नव्हतं. त्यांनी माइक माझ्याकडे सरकवलाही. मी म्हणाले, ‘नको बुवा. तुम्ही बसा.’

तुमची गोष्ट इथे संपते. ताईंचा अपमान झाला, ताई दुखावल्या, तेव्हापासून सोलोचं नाव काढत नाहीत. अपमान झाला, त्यात वाद नाही. पुढे ओळख करून देताना निवेदकानं माझं आडनावही भलतंच सांगितलं. पण ‘नको’ म्हणताना मी दुखावलेली नव्हते. मला सुटल्यासारखं वाटलं. राग त्यानंतर आला, ललत सुरू झाल्यावर. पहिला काही वेळ मी घुश्शातच होते. भाता जोरात, सूर गरजेपेक्षा जास्त दाबलेले. बुवांनी वळून बघितलं नाही. ते फक्त तीव्र मध्यमावर इतके थांबले, इतके थांबले, की मला बोट उचलून ऐकत बसण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. शुद्ध मध्यमावर ते कधी येणार ते मला कळत नव्हतं. ते आले तेव्हा मीही तिथेच होते, अर्ध्या श्वासानं मागे. त्यांनी हुंकार दिला. त्यापुढे दीड तास कसा गेला ते मला माहीत नाही.

हे मला एकटीनं वाजवताना कधीच झालेलं नाही. घरी रियाजात मी काय वाजवणार आहे ते मला आधीच ठाऊक असतं. बोटं चालतात, ऐकू मात्र फारसं येत नाही. दुसऱ्याच्या गळ्यातून पुढचा सूर कुठला निघणार हे माहीत नसतं, तेव्हाच मी खरी ऐकते. आता यावर ‘ताई, हे किती सुंदर सांगितलंत’ असं म्हणू नका, कारण हे ज्याच्या गळी मी उतरवू शकत नाही असं एक माणूस आहे.

पंचविशीतली मी. विशारदला परीक्षकांसमोर एकटी बसून पेटी वाजवली होती आणि बाहेर येताना ठरवलं होतं की आता पुढेच बसायचं. ती म्हणते, तू घाबरलीस, आणि घाबरण्याला साथीचं तत्त्वज्ञान चिकटवलंस. मी म्हणते, तुला कुणाचं ऐकायचंच नव्हतं, तुला फक्त टाळ्या हव्या होत्या. ती म्हणते, असतील. पण मग त्या सकाळी हॉल शांत का झाला? तो बुवांसाठी तर झाला नव्हता, बुवा घाटात होते. इथे मी विषय बदलते. कधी म्हणते, लोकांना थंडी वाजत होती.

आणि साथीत मी अगदी तृप्त आहे, असंही समजू नका. पोस्टरवर गायकाचा हातभर फोटो आणि तळाशी आमची नावं, बारीक टाइपात. साउंड चेकला आमचा माइक सगळ्यात शेवटी, तोवर वेळ संपलेला. मानधनाचं पाकीट घरी येऊन उघडावं, तिथे उघडू नये. या सगळ्यावर मी चिडते, भांडतेही. पण ते भांडण बाजूच्या जागेच्या किमतीचं आहे. मी पुढे सरकले तर त्या जागेवर उद्या दुसरी कुणी बसेल आणि तिचंही आडनाव चुकेल. मला सोलोचा आग्रह करणाऱ्यांपैकी किती जणांनी आयोजकांना आमच्या मानधनाबद्दल एकदा तरी विचारलंय?

या हंगामाच्या मालिकेसाठी पुन्हा फोन आला होता. फेब्रुवारीतल्या मैफलीत गाण्याआधी अर्धा तास एकटीनं पेटी, तुमचं नाव पोस्टरवर मोठं टाकू म्हणाले. मानधन विचारलं तर साथीला देतात त्यापेक्षा कमी. ‘व्यासपीठ मिळतंय ना ताई,’ असं उत्तर. त्यावर जे बोलायचं ते बोलले. आकडा थोडा वर आला. हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. तबल्यावर कोण असेल ते आधी कळवा, एवढाच निरोप दिलाय.