एका वाड्यात चार बिऱ्हाडं

जुन्या बुलेटचं ऑइल बदलायचंय म्हटलं, की मुरलेला मिस्त्री आधी विचारतो, "कुठलं?" प्रश्न खवचट वाटला तरी रास्त आहे. 1955 साली मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली आणि इंग्लंडातल्या रेडिचचं लोखंडी सिलिंडरचं इंजिन इथे रुजलं. 2010 च्या आसपास धुराच्या नियमांनी त्याला निरोप दिला. या गाडीत तेलाची चार बिऱ्हाडं आहेत: इंजिन, चेनकेस (इंजिनकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनची पेटी), गिअरबॉक्स आणि पुढचे फोर्क. भिंती पक्क्या, चुली वेगळ्या. नव्या बुलेटमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर एकाच तेलात नांदतात. तिथे ज्याला आपण ऑइल बदलणं म्हणतो, ते इथे फक्त पहिल्या बिऱ्हाडापुरतं होतं.

पहिलं बिऱ्हाड मोठं. क्रँककेस म्हणजे इंजिनची खालची पेटी; तिच्याच ओतिवात, फ्लायव्हील या जड चाकाच्या मागे, तेलाची टाकी आहे. दोन पंप: एक टाकीतलं तेल बिगएन्डकडे, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाकडे, ढकलतो, दुसरा खाली साचलेलं उपसून परत आणतो. उपसणारा ढकलणाऱ्यापेक्षा जोरकस. गाडी चालू असेपर्यंत हिशेब चोख असतो. गाडी पंधरा दिवस उभी राहिली, की टाकीतलं तेल पंपाच्या फटीतून हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं. मग मालक डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, बाहेर काढतो, ती जवळजवळ कोरडी दिसते, तो घाबरतो आणि अर्धा लिटर ओततो. किक मारल्यावर इंजिन जड लागतं, सायलेन्सर निळा धूर ओकतो, आणि पाच मिनिटांत उपसणारा पंप खालचं सगळं तेल टाकीत आणून सोडतो. आता टाकी तुडुंब. जास्तीचं तेल ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीतून बाहेर येतं, मागच्या टायरपर्यंत पोचतं आणि गॅस्केटला उगाच शिव्या बसतात. थंड बुलेटची डिपस्टिक साक्षीला घेऊ नये. गाडी पाच-दहा मिनिटं चालवावी, बंद करावी, दोन मिनिटं थांबावं आणि मग बघावं.

ऑइल काढायचंही गरम असतानाच. दहा मिनिटांची फेरी मारून गाडी मेन स्टँडवर घ्यावी, खाली जुनं घमेलं सरकवावं. पोटाखाली एकाहून जास्त ड्रेन प्लग असतात, टाकीचा वेगळा आणि क्रँककेसचा वेगळा. टाकीचाच उघडून समाधान मानलं तर जुनं काळं तेल क्रँककेसमध्ये तसंच राहतं आणि नव्याला पहिल्याच दिवशी बाटवतं. पाना नीट बसणारा हवा. बोल्ट पोलादाचा आणि केस ॲल्युमिनियमची, त्यामुळे जोर लावला की आटे केसचेच जातात. वायसर नवा घालावा आणि बोल्ट हाताला घट्ट लागला की थांबावं. पान्याला पाइप लावून ताकद दाखवणाऱ्यांना पुढे आटे भरून घ्यायला लेथवाल्याकडे जावं लागतं.

घमेल्यातलं तेल फेकण्याआधी दोन बोटांत चोळून बघावं. बारीक करडी भुकटी असेल तर झीज वयाला शोभणारी आहे. पिवळसर चकाकी दिसली तर बिगएन्डच्या बुशाकडे संशय जातो. पांढरट, ताकासारखा फेस म्हणजे पाणी. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, घर ते नाका एवढंच चालणाऱ्या गाड्यांत हा हमखास दिसतो. इंजिन पुरतं तापतच नाही, मग आत धरलेला दमटपणा उडून जाणार कसा? त्यावर औषध तेलाचं नाही, वीस किलोमीटरच्या फेरीचं.

उजव्या बाजूला टायमिंग कव्हरमध्ये फेल्टचा फिल्टर असतो. स्प्रिंग, वाटीसारखा वायसर, फिल्टर ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने कापडावर मांडावेत. या कामात सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. फिल्टर बदलला की त्याचं घर रिकामं असतं, आणि ते भरल्याशिवाय बिगएन्डला तेल जात नाही. नव्या तेलाने ते हातानेच भरून घ्यावं. मग 20डब्ल्यू50 किंवा 20डब्ल्यू40 (हे तेलाच्या घट्टपणाचे नंबर) टाकीत ओतावं. पुस्तकात आकडा सव्वादोन लिटरचा आहे, पण जुनं थोडं आत राहतंच. दोन लिटर घालून थांबावं, उरलेलं डिपस्टिक सांगेल तसं.

लगेच स्टार्ट करू नये. चावी बंद, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून धरलेला, आणि वीस-पंचवीस सावकाश किका. मग गाडी चालू करून संथ ठेवावी आणि हेडवर रॉकरकडे, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांकडे, जाणाऱ्या नळीचा बोल्ट किंचित सैल करावा. ही नळी उपसणाऱ्या, म्हणजे परतीच्या, पंपावर भरते. तिथे तेल पाझरलं, म्हणजे ते आतून पूर्ण प्रदक्षिणा करून आलं. थोडा वेळ वाट पाहूनही काही आलं नाही, तर इंजिन बंद. "येईल हळूहळू" हा आशावाद इथे महाग पडतो.

महागडं सिंथेटिक घालावं का, यावर गॅरेजांत चहाचे कप रिकामे होतात. या इंजिनाला स्वस्त पण वेळेवर बदललेलं तेल जास्त मानवतं. डब्यावरच्या 'जासो एमए' या शिक्क्याची गंमत मात्र कमी जणांना ठाऊक असते. हा शिक्का ओल्या, म्हणजे तेलात बुडालेल्या, क्लचसाठी, आणि बुलेटचा क्लच इंजिनच्या तेलात नाहीच. तो राहतो डाव्या बाजूच्या चेनकेसमध्ये, दुसऱ्या बिऱ्हाडात. तिथे 420 मिली पुरतं, शिक्क्याचं महत्त्वही तिथेच. कव्हर मधल्या एकाच नटवर बसतं. गळती थांबवायला तो नट आवळत गेलं की कव्हर वाकतं आणि गळती वाढते. रबरी रिंग बदलावी, सुटका होते.

गिअरबॉक्स हे भांडखोर बिऱ्हाड. जुन्या चार गिअरच्या बॉक्समध्ये नुसतं 90 नंबरचं तेल घातलं तर शाफ्टच्या बुशावाटे ते जमिनीवर येतं. नुसतं घट्ट ग्रीस भरलं तर गिअर त्यात बोगदा खणून मोकळे फिरतात आणि ग्रीस भिंतीला चिकटून तमाशा बघत बसतं. म्हणून पातळ, वाहतं ग्रीस, नाहीतर दोहोंचं मिश्रण. प्रमाण प्रत्येक मिस्त्रीचं वेगळं, आणि प्रत्येकाचंच बरोबर.

फोर्कचं तेल वर्षानुवर्षं कोणी विचारत नाही. ब्रेक मारल्यावर गाडी नाक घासायला लागली, की आठवतं.

उरलं घमेल्यातलं काळं तेल. गावाकडे ते वाळवीसाठी लाकडाला फासायला मागून नेतात. शहरात डब्यात भरून गॅरेजच्या पिंपात द्यावं, गटारात नाही. आणि सकाळी गाडीखाली एक पुठ्ठा सरकवून ठेवावा. कुठल्या बिऱ्हाडाचं पाणी गळतंय, ते थेंबाच्या जागेवरून कळतं.